समुद्र शिकायला मुलीला कुठे पाठवू? (सागरी विज्ञान शिबिरं, वय 13 ते 17)

मीनल_कोथरूड | 9 नोव्हेंबर, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, चौदा पूर्ण. गेल्या मे महिन्यात हरिहरेश्वरला खडकातल्या एका डबक्यात तिला समुद्रफूल (सी अॅनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) दिसलं. बोट लावलं की मिटायचं आणि थोड्या वेळाने परत उमलायचं. तासभर ती तिथून हलली नाही. आम्ही देवळात जाऊन, प्रदक्षिणा करून आलो तरी ही तिथेच उकिडवी बसलेली. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. कागदावर माशांचे कल्ले काढते आणि ताटातला मासा उलटा करून बघते.

आता तिने स्वतःच दोन शिबिरं शोधून काढली आहेत. एक अंदमानला, आठ दिवसांचं, त्यात स्कूबा आणि 'सागरी जीवशास्त्र'. दुसरं परदेशात एका बेटावर, दोन आठवड्यांचं. त्याची फी बघून आम्ही दोघंही गप्प झालो. कर्ज काढून पाठवावं इतकं त्यात असतं का? तिला तलावात पोहता येतं, समुद्रात कधी पोहलेली नाही. हिच्या बाबांचं म्हणणं, दहावी होऊ दे, मग बघू. मला मात्र वाटतं की ही ओढ दीड वर्ष बाजूला ठेवली तर कोमेजेल. कुणी मुलांना पाठवलं असेल किंवा या क्षेत्रात असाल तर सविस्तर लिहा, ही विनंती.

खडपवाला | 10 नोव्हेंबर, सकाळी 6:55

मीनलताई, मी रत्नागिरीत तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. दरवर्षी मुलांना घेऊन खडपावर, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकाळ किनाऱ्यावर, उतरत होतो, निवृत्तीनंतरही उतरतो. तेव्हा जरा लांब लिहितो.

शिबिर कुठलंही असो, आयोजकांना एकच प्रश्न विचारा: संध्याकाळी मुलांच्या वहीत काय लिहिलेलं असतं? 'आज आम्ही कासव पाहिलं, खूप मजा आली' एवढंच असेल तर ती सहल आहे. सहल वाईट नसते, पण तिला सहलीचेच पैसे द्यावेत. वहीत तारीख, ओहोटीची वेळ, जागा, किती चौकटी मोजल्या, कशात काय सापडलं आणि शेवटी मुलाला पडलेला एक प्रश्न असेल, तर ते विज्ञान.

चौकट म्हणजे काय ते सांगतो. नळाचे पांढरे पाइप जोडून अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचा चौकोन करायचा, आत सुतळी ताणून पंचवीस घरं पाडायची. उधाणाचं पाणी जिथवर पोचतं तिथून दोरी टाकायची, थेट पाण्याच्या कडेपर्यंत. दर पाच पावलांवर दोरीलगत चौकट ठेवायची आणि गुडघे टेकून मोजायचं. वरच्या बाजूला खडकाला चिकटलेले बारीक पांढरे बार्नेकल (कवचातले चिमुकले प्राणी), त्यावरून हात फिरवला तर सोलवटतो. त्याखाली कालवं. मग हिरवं शेवाळ, मग तपकिरी, आणि अगदी खाली, जिथे पाणी जेमतेम तास-दीड तास हटतं, तिथे समुद्रफुलं. पाच-सहा चौकट्या झाल्या की मुलांच्या आपोआप लक्षात येतं की हे पट्टे आहेत. कुणी सांगावं लागत नाही. मग विचारायचं: कालवं आणखी वर का नाहीत? आणि आणखी खाली का नाहीत? पहिल्याचं उत्तर बहुतेक मुलं देतात, उन्हाने वाळतील. दुसऱ्याला वेळ लागतो, कारण खाली पाणी आहे, अन्न आहे, मग अडचण कसली? खाली खाणारेही जास्त आहेत आणि जागेसाठी मारामारीही जास्त, हे एखाद्या मुलाला स्वतःहून सुचतं. त्या क्षणासाठी मी इतकी वर्षं हे करत आलो आहे.

हे एकदा करून भागत नाही. त्याच खडकावर, त्याच दोरीने, नोव्हेंबरात, जानेवारीत आणि मार्चात गेलं पाहिजे. पावसाळा सरल्यावर जे शेवाळ भरभरून असतं ते मार्चपर्यंत कुठे जातं? आठ दिवसांच्या शिबिरात हा प्रश्न पडूच शकत नाही. म्हणून माझं मत सरळ आहे. आधी एक किनारा वर्षभर धरा, मग शिबिर. ज्या मुलाने एक खडक ओळखीचा केलाय त्याला अंदमानात दहापट दिसतं.

पल्लवी_अर्व्हाइन | 10 नोव्हेंबर, रात्री 11:20

सरांचं पटलं, तरी परदेशी शिबिरांविषयी थोडं लिहिते. आमच्याकडे दक्षिण कॅलिफोर्नियात शाळा मुलांना कॅटलिना बेटावर नेतात. तिथे टोयॉन बे इथे कॅटलिना आयलंड मरीन इन्स्टिट्यूट आहे. माझा मुलगा सातवीत असताना शाळेबरोबर तीन दिवस गेला होता आणि मी सोबत पालक म्हणून गेले होते.

पाणी गार, जाड वेटसूट घालूनही ओठ निळे पडतात. पण खाली केल्पचं जंगल! केल्प म्हणजे राक्षसी शेवाळच, चांगल्या दिवसांत एका दिवसात फूटभर आणि त्याहूनही जास्त वाढतं. त्यातून भडक नारिंगी गॅरिबाल्डी मासे फिरतात, स्वतःच्या जागेसाठी माणसाच्या अंगावरही येतात. रात्री प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) जाळीतलं पाणी अंधाऱ्या खोलीत हलवून दाखवलं, तर निळे ठिपके चमकले.

मला सगळ्यात आवडलं ते म्हाकुळाचं (स्क्विडचं) विच्छेदन. प्रत्येक मुलापुढे एक म्हाकूळ. डोळ्यातलं भिंग काढलं, शाईची पिशवी न फोडता बाजूला ठेवली, आणि पाठीतला तो पारदर्शक, पिसासारखा काटा ओढून काढून शाईत बुडवला. त्याने प्रत्येकाने कागदावर आपलं नाव लिहिलं. मला एकदम आईचं अलिबागचं स्वयंपाकघर आठवलं. ती म्हाकूळ साफ करताना तोच काटा सर्रकन ओढायची आणि पाटीत टाकायची. मी शंभर वेळा पाहिला असेल. तो म्हणजे पूर्वजांच्या शिंपल्याचा उरलेला अवशेष आहे, म्हाकूळ हे कालवं-गोगलगायींचंच नातेवाईक, हे मला चाळिशीत त्या बेटावर कळलं.

फ्लोरिडात बिग पाइन की इथे सीकॅम्प आहे, 1966 पासून. तिथे मुलं बारा ते सतरा वयाची असतात आणि दोन-अडीच आठवडे राहतात. ऐकलंय ते चांगलंच ऐकलंय. पण मीनल, त्यासाठी भारतातून कर्ज काढून पाठवू नकोस. म्हाकूळ पुण्याच्या मासळी बाजारातही मिळतो.

दर्यासारंग_वेसावे | 11 नोव्हेंबर, दुपारी 2:05

पल्लवीताई, शेवटचं वाक्य लाखमोलाचं.

मी वेसाव्याचा कोळी. वडील, आजोबा सगळे दर्यावर. मी शिकून नोकरीत आलो, पण सुट्टीला बोटीवर असतोच. मुलीला पहिली गोष्ट शिकवा ती भरती-ओहोटीची वेळ काढायची, मोबाइल न बघता. आमच्याकडे हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्या पंधरा धरायची, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात आणि हा हिशोब मुंबईच्या बाजूचा, गोव्याकडे वेळ थोडी अलीकडे येते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पुनव-अवसेला, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. भांगाच्या दिवसांत, सप्तमी-अष्टमीच्या आसपास, फार हलत नाही. खडपावर जायचं तर उधाणाची ओहोटी गाठायची. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो, म्हणून दर तिथीला पाऊण तास. हे गणित मुलीला स्वतः जुळवू द्या.

दुसरं, बाजारात पट्टी घेऊन जा. पापलेट 2023 साली महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. त्याच वर्षी सरकारने कुठला मासा किमान किती लांबीचा असल्याशिवाय पकडायचा नाही ते ठरवून दिलं, पापलेटला 135 मिलिमीटर. आता बाजारात जाऊन मोजा. तळहातात मावणारी पापलेटं वाट्याने विकायला असतात, त्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. आमची माणसंही ती आणतात, हे मी लपवत नाही. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्यात सगळंच येतं, आणि डिझेलचा खर्च निघायला हवा म्हणून कुणी परत टाकत नाही. मुलीने दर रविवारी वीस पापलेटं मोजून वर्षभर लिहून ठेवली तर त्या वहीला किंमत येईल. आणि कोळणीला विचारून मोजा. घाईच्या वेळी नको, दुपारी गर्दी ओसरली की ती स्वतःच दहा गोष्टी सांगेल.

निशांत_मालवण | 11 नोव्हेंबर, रात्री 9:30

स्कूबाबद्दल गैरसमज बरेच आहेत म्हणून लिहितो. मी मालवणात प्रशिक्षक आहे.

पर्यटकांना जे करवतात त्यात तुमच्या मागे प्रशिक्षक धरून असतो, वीस मिनिटं खाली नेतो, फोटो काढतो. ते शिक्षण नाही. खरा कोर्स तीन-चार दिवसांचा असतो, त्यात लेखी अभ्यास, तलावातला सराव आणि समुद्रात डुबक्या. पॅडी या आंतरराष्ट्रीय डायव्हिंग संस्थेचा ज्युनिअर कोर्स दहाव्या वर्षापासून करता येतो. दहा-अकरा वयाला 12 मीटर, बारा ते चौदाला 18 मीटर, तेही जाणत्या मोठ्या माणसासोबतच. आपल्याकडे तारकर्लीला एमटीडीसीची (राज्य पर्यटन महामंडळाची) संस्था आहे. दमा, कानाचा त्रास, सायनस असेल तर आधी डॉक्टर. आणि अंदमानचं परतीचं विमान शेवटच्या डुबकीनंतर किमान 18 तासांनी हवं. वेळापत्रकात हे पाळलं नसेल तर ते शिबिर सोडून द्या.

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचा समुद्र त्यात येतो. इथे प्रवाळ आहेत, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. पण फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात पाव सोडणारे लोकही इथेच आहेत. पाव खायला जमलेले मासे एकाच जातीचे, दादागिरी करणारे असतात, बाकीचे बाजूला पडतात. मुलीला कुणी पाव दिला तर तिने नाही म्हणावं.

सगळ्यात आधी समुद्रातलं पोहणं आणि स्नॉर्केल (तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावरूनच खाली बघणं). तलावात पोहणारी मुलं लाटेत तोंडावर पाणी आलं की घाबरतात. पंधरा दिवसांचा सराव पुरतो. पाण्यावर शांत पडून तासभर खाली बघता येणारं मूल हवेची बाटली लावून धडपडणाऱ्यापेक्षा जास्त शिकतं.

सुजाता_ग | 12 नोव्हेंबर, सकाळी 11:15

नाव घेत नाही, पण आमचा अनुभव वाईट होता. भाच्याला एका खासगी संस्थेच्या सागरी शिबिराला पाठवलं होतं. तीस मुलांमागे दोन ताई, त्यांतली एक स्वतःच पहिल्यांदा आलेली. लाइफ जॅकेट बावीस. मुलांना ओहोटीत प्रवाळावर उभं करून गटाचा फोटो काढला. प्रवाळाला आपल्या वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे, आणि हे शिबिर 'संवर्धना'चं होतं. भाचा परत आला तो पिशवीत जिवंत तारामासा घेऊन. दुसऱ्या दिवशी त्याला वास सुटला आणि पोरगा रडला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की तो जिवंत आहे.

तेव्हा किती मुलांमागे किती मोठी माणसं, हे लेखी घ्या. प्रथमोपचार कोणाला येतो ते विचारा. पाकटाचा (स्टिंग रे माशाचा) काटा लागला तर काय कराल, असं सरळ विचारा. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखान्यात न्यायचं, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती मूल देऊ नये. 2013 च्या गणपतीत गिरगाव चौपाटीवर कितीतरी जणांना पाकट लागले होते. पाण्यात पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत चालायचं, म्हणजे पाकट आधीच निघून जातो.

आर्या_अकरावी | 12 नोव्हेंबर, संध्याकाळी 7:48

मी सोळा वर्षांची आहे म्हणून लिहू का असं वाटत होतं, पण लिहिते. मी मागच्या वर्षी आणि यावर्षी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गेले. तिथे सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाचवायला सुरुवात केली आणि 2006 पासून कासव महोत्सव होतो. राहायला गावातल्याच घरात, जेवायला मोदकसुद्धा मिळाले.

पहिल्या वर्षी मी बाकीच्यांसारखी दोरीमागे उभी राहून पिल्लं बघितली. दुसऱ्या वर्षी आईबरोबर चार दिवस राहिले आणि घरटी सांभाळणाऱ्या काकांसोबत पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर चालले. कासवीण आली होती की नाही ते वाळूवरच्या खुणेवरून कळतं, दोन्ही बाजूंना वल्ह्यासारखे ओरखडे आणि मध्ये पोटाची घसटण. काका काठी हळूच खुपसून बघतात, वाळू भुसभुशीत लागली की हाताने उकरतात. अंडी पिंगपाँगच्या चेंडूसारखी, पण मऊ. शंभरच्या वर होती. ती तशीच्या तशी कुंपणातल्या खड्ड्यात ठेवतात, तेवढ्याच खोलीवर. पन्नासेक दिवसांनी पिल्लं येतात.

वाळू गरम असेल तर माद्या जास्त होतात आणि गार असेल तर नर, हे ऐकल्यावर मी दिवसातून तीनदा तापमान लिहायला लागले. चार दिवसांच्या नोंदींतून काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. पण आता उन्हाळा वाढला की मला त्या खड्ड्यांची आठवण येते.

मीनलकाकू, तिला पाठवा. दहावीनंतर नको. मला दहावीत अभ्यासाचा कंटाळा आला की मी वही उघडून ते आकडे बघायचे.

बडोदेकर | 13 नोव्हेंबर, रात्री 8:10

गुजरातेतलं नरारा कुणी सांगितलं नाही. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान, 1982 सालचं, देशातलं पहिलं. वाडीनारजवळ उतरून ओहोटीत चालत प्रवाळांपर्यंत जाता येतं, बोट नको, पोहणं नको. आम्ही शाळेची चाळीस मुलं नेली होती. वनखात्याची परवानगी घ्यायची आणि स्थानिक वाटाड्या घ्यायचाच. आमच्या वाटाड्याने दगड उचलला की तो जसा होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. मुलं दुपारपर्यंत आपसूक तसंच करायला लागली. ऑक्टोपस रंग बदलताना पाहिला. गुडघाभर पाण्यातून किलोमीटरभर चालावं लागतं, जुने बूट न्या.

पणजीकर | 14 नोव्हेंबर, सकाळी 9:25

पुढे करिअर करायचं असेल तर: दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1 जानेवारी 1966 ला सुरू झाली. ती अधूनमधून शाळकरी मुलांसाठी दारं उघडते, चौकशी करून जरूर जा. शिक्षणासाठी गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसॅट (विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ), रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय, वर्सोव्याची सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था). एक गोष्ट मुलीला आत्ताच सांगा. समुद्रविज्ञानात डॉल्फिनपेक्षा गणित, रसायन आणि संगणक जास्त असतो. ऐकून ती हिरमुसली नाही तर योग्य वाटेवर आहे.

मीनल_कोथरूड | 16 नोव्हेंबर, रात्री 10:15

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! सगळं लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. पणजीकरांचं वाक्य ऐकून म्हणाली, "गणित चालेल." पापलेट मोजणं आजच सुरू झालं. आमच्या मंडईतल्या मावशींनी आधी हाकललं, मग स्टूल दिलं. वीसपैकी अकरा 135 च्या खाली.

परदेश रद्द. अंदमानवाल्यांना सुजाताताईंचे आणि निशांतदादांचे प्रश्न ईमेलने पाठवले आहेत. मुंबईत दादरला माझी बहीण असते. तिथून कुठला खडप धरता येईल?

दर्यासारंग_वेसावे | 17 नोव्हेंबर, दुपारी 1:30

ताई, मुंबईला मोप खडप आहेत. हाजीअली, कार्टर रोड, खारदांडा, जुहू. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी 2017 पासून लोकांना ओहोटीत किनाऱ्यावर नेऊन दाखवतात, पहिली फेरी त्यांच्यासोबत करा. मुंबईच्या कडेला जिवंत प्रवाळ आहेत हे अजून कित्येकांना खरं वाटत नाही. कोस्टल रोडच्या कामात 2020 साली वरळी-हाजीअलीच्या प्रवाळांच्या 18 वसाहती हलवाव्या लागल्या होत्या. मुलीला ते सांगा, म्हणजे आपण कशावर उभे आहोत ते कळेल. आणि पाणी फिरलं की निघायचं. पाठीमागून खाजण (किनाऱ्याकडची सखल जागा) भरतं आणि कळत नाही, त्यात आमची माणसंही फसतात.

मीनल_कोथरूड | 5 जानेवारी, रात्री 9:50

उशिरा लिहितेय. परवा शनिवारी, पौर्णिमेला, गेलो. ही आमची तिसरी खेप. पाऊणपटीचा हिशोब तिने घरीच केला होता: भरती सव्वाअकरा, ओहोटी साडेपाचच्या सुमारास. साडेतीनलाच उतरलो आणि उतरत्या पाण्याच्या मागे मागे चालत गेलो. बाबाही आले होते, चौकट त्यांनीच बनवली आहे.

दोरी टाकून सात चौकट्या मोजल्या. पट्टे दिसले, सर! बार्नेकल, मग कालवं, अगदी तुम्ही लिहिलंत तसे. पण ती अडकली भलत्याच गोष्टीत. वाळूत रिकामे शिंपले पडले होते, त्यांतल्या काहींना टोकाजवळ एक गोल भोक. इतकं गोल की गिरमिटाने पाडलंय असं वाटावं. मी लहानपणी अशाच शिंपल्यांची माळ ओवायचे, भोक आयतं मिळतं म्हणून. ते कुणी पाडलं हा प्रश्न मला कधी पडला नाही. तिने शंभर शिंपले वेचले, ओळीत मांडले, सदतीसना भोक. बाहेरून रुंद, आत निमुळतं. आणि जवळजवळ सगळ्यांना एकाच जागी. घरी येऊन शोधलं तर वाळूत राहणारी एक मांसाहारी गोगलगाय शिंपला पायाने धरते, आम्लासारखा स्राव सोडून आणि जिभेने खरवडून भोक पाडते आणि आतला जीव खाते. आता तिचा प्रश्न असा, की नेहमी त्याच जागी का? तिथे कवच पातळ असतं की तिथे धरायला सोपं जातं? तिने काल रात्री बाबांच्या कॅलिपरने शिंपल्यांची जाडी मोजायला घेतली. अकरा वाजता मी दिवा बंद केला.

अंदमानवाल्यांचं उत्तर आलं. सहा मुलांमागे एक प्रशिक्षक, रोजची नोंदवही, शेवटी प्रत्येकाचं छोटं सादरीकरण, आणि परतीच्या आधी पूर्ण एक दिवस मोकळा. एप्रिलच्या शेवटी जागा आहे, हो म्हणून कळवलं. तोवर शनिवार-रविवार अलिबागला मावसभावाकडे समुद्रात पोहण्याचा सराव.

खडपवाला | 6 जानेवारी, सकाळी 6:40

मीनलताई, सदतीस भोकाचे आणि त्रेसष्ट बिनभोकाचे, दोन्ही जपून ठेवायला सांगा. फक्त भोकाचे मोजले तर उत्तर मिळणार नाही. बिनभोकाच्यांची जाडीही त्याच जागी मोजायला हवी. आणि लहान-मोठे वेगळे करा. गोगलगाय आपल्या मापाचं भक्ष्य निवडते का, तेही त्यातूनच दिसेल.

रत्नागिरीला कधी येता? 1 फेब्रुवारीला रविवार आहे आणि माघी पौर्णिमा. भाट्याची पुळण घरापासून जवळ आहे, तिथेही असे शिंपले पडतात. दोन्हीकडचे ताडून बघू.

मीनल_कोथरूड | 6 जानेवारी, रात्री 8:05

सर, येतो. तिने विचारलंय की रत्नागिरीला भरती मुंबईच्या किती मिनिटं आधी येते. हिशोब बदलून घ्यायचा आहे.